आर्मर्ड कोअर ६ : बिल्ड मोठा की हात? मराठवाड्यातल्या पायलट मंडळींनी बोलावं

वाळूज_नाईटशिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

'आर्मर्ड कोअर ६ : फायर्स ऑफ रुबिकॉन' वर मराठीत नीट चर्चा कुठं सापडली नाही, म्हणून हा धागा काढतोय. गेम आला २५ ऑगस्ट २०२३ ला. बनवणारे फ्रॉमसॉफ्टवेअर, म्हणजे 'एल्डन रिंग'वालेच. पण ही मालिका त्याच्या कितीतरी आधीची, १९९७ पासूनची.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण भाडोत्री पायलट. हाताशी एक अवाढव्य रोबो, त्याला एसी म्हणतात, आणि तो डोक्यापासून पायापर्यंत आपणच जोडायचा. डोकं, धड, हात, पाय, बूस्टर, निशाणा धरणारा एफसीएस, जनरेटर. वर दोन हातांत दोन आणि दोन खांद्यांवर दोन, अशी चार शस्त्रं. सगळ्याचं वजन पायांना पेललं पाहिजे आणि सगळ्याला लागणारी ऊर्जा जनरेटरला पुरली पाहिजे, नाहीतर गॅरेजमधून बाहेरच पडता येत नाही.

माझं मत असं की या गेममध्ये बिल्ड (म्हणजे एसीची जोडणी) आधी, हात (म्हणजे खेळण्याचं कौशल्य) नंतर. उदाहरण बाल्टियस या बॉसचं घ्या. पहिल्या चॅप्टरच्या शेवटी वॉचपॉइंटच्या मिशनमध्ये आधी सुल्ला नावाच्या पायलटचा एसी अंगावर येतो, तो पाडला की दम घ्यायच्या आत बाल्टियस. त्याच्याभोवती पल्स शील्डचा गोळा असतो. साध्या रायफलनं तो उतरवायला बसलात तर तेवढ्यात त्याच्या मिसाइलनी तुमचे तिन्ही रिपेअर किट संपवलेले असतात. एका हातात पल्स गन घ्या. शील्ड भराभर उतरतं, तो स्टॅगर होऊन (म्हणजे तोल जाऊन) लटकतो, आणि त्याच क्षणी खांद्यावरचे ग्रेनेड आणि दुसऱ्या हातातली पल्स ब्लेड त्याच्यावर रिकामी करायची. मिसाइलचं मोठं कडं पसरून आलं की मागं पळायचं नाही, असॉल्ट बूस्ट (म्हणजे सरळ पुढची वेगवान झेप) मारून त्याच्या पोटाखालून निघायचं. हे शेवटचं हाताचं काम झालं, मान्य. पण पल्स गनशिवाय त्या हाताला वेळच मिळत नाही.

आणि गेमनं यासाठी दोन फार चांगल्या सोयी ठेवल्यात. हरल्यावर चेकपॉइंटवरून परत सुरू करताना असेंब्लीत जाता येतं. नवीन विकत घेता येत नाही, पण जवळ असलेला कुठलाही पार्ट बदलता येतो. दुसरं, दुकानातून घेतलेला पार्ट त्याच किमतीला परत विकला जातो. एक रुपयाचीही घट नाही. म्हणजे गेम स्वतःच सांगतोय, जोडा, मोडा, परत जोडा.

तुम्ही काय करता? एकच आवडता एसी घेऊन शेवटपर्यंत जाता, की दर मिशनला बदलता?

लातूरचा_टँकवाला

दादा, धागा काढलाव ते लई चांगलं केलाव.

मी मात्र एकच गाडी चालवू लालो. टँकचे पाय, दोन्ही हातात हू-बेन गॅटलिंग, दोन्ही खांद्यावर साँगबर्ड्स ग्रेनेड तोफा. लोक म्हणतेत टँक हळू हाय. हाय की हळू. पण दोन पायाचा एसी जमिनीवर खांद्यावरची तोफ मारायला थांबतंय, आणि थांबला की मार खातंय. टँक चालता चालता मारतंय. वेगळा बूस्टर पण लागत नाही, पायातच बसवलेला असतंय. आणि तोल एवढा दणकट की समोरचा दोनदा स्टॅगर होईपर्यंत आपण एकदा पण होत नाही.

आमच्याकडं उसाच्या सीझनला एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडतेत, तसं हे. ओढणारं दणकट असलं की मागं काय लावायचं ह्याची चिंता नाही. हलक्या पायावर लोक एकेक किलो मोजत बसतेत, मी नाही बसत.

एवढंच सांगतो, साँगबर्ड्सचे गोळे महाग पडतेत. मिशनच्या कमाईतून गोळ्यांचा आणि दुरुस्तीचा खर्च कापतेत, ते नवीन लोकांनी बघून घ्या.

परभणीकर_काका

वाळूजकर, तुमचं लिखाण आवडलं, पण मत पटलं नाही. बिल्ड आधी म्हणता, मग पहिल्या मिशनचं काय? 'इल्लिगल एंट्री' मध्ये गॅरेजच नसतं. जो एसी हातात दिलाय त्याच्यावरच त्या हेलिकॉप्टरला पाडायचं. तिथं फक्त हात. आणि गेमनं तो बॉस मुद्दाम तिथं ठेवलाय. आधी उडायला शिक, जवळ जायला शिक, मग तुला दुकान उघडून देतो, असं ते सांगणं आहे.

मी ही मालिका पहिल्या भागापासून खेळतोय. पहिल्या प्लेस्टेशनवर वर-खाली बघायला उजव्या काडीनं बघता येत नव्हतं, खांद्यावरची बटणं दाबावी लागायची. आजच्या पोरांना ते दाखवलं तर कंट्रोलर खाली ठेवतील. पण त्यात एक धाक होता. खर्च वाढत जाऊन खातं उणे ५०,००० च्या खाली गेलं की तुमच्यावर शस्त्रक्रिया करून तुम्हाला 'ह्युमन प्लस' करून टाकायचे आणि गेम पहिल्यापासून सुरू. ताकद वाढायची, पण कुठल्या किमतीवर, ते त्या एका पडद्यावर कळायचं. मी आजवर खेळलेल्या गेममधली ती सगळ्यात काळी गोष्ट आहे. सहाव्या भागात घेतलेला पार्ट त्याच भावात परत जातो. सोय आहे, पण निवडीला वजन राहिलं नाही असं मला वाटतं. जुन्या भागांत उष्णतेचंही गणित होतं. 'नेक्सस' मध्ये तर नुसतं बूस्ट केलं तरी एसी तापायचा. त्रास व्हायचा, पण रेडिएटर निवडणं हाही बिल्डचाच भाग होता.

माझा खरा आक्षेप स्टॅगरवर आहे. सहाव्या भागात सगळं त्या एका पट्टीभोवती फिरतं. पट्टी भरली की समोरचा गोठतो आणि त्या दोन क्षणांत सगळी ताकद ओतायची. त्यामुळं सगळे बिल्ड एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात: काहीतरी पट्टी भरायला आणि काहीतरी एकदाच जोरात हाणायला. 'फॉर आन्सर' या जुन्या भागात मी नुसत्या वेगावर सामने काढले आहेत. तो वेग इथं नाही.

जालना_रँक्ड

काका, आदर आहे, पण स्टॅगरबद्दल सविस्तर बोलू, कारण मी रोज तेच खेळतो.

प्रत्येक शस्त्राला तीन वेगळे आकडे असतात. एक साधं नुकसान. दुसरा इम्पॅक्ट, म्हणजे पट्टी किती भरते. तिसरा अक्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट, म्हणजे भरलेल्यापैकी किती तिथंच टिकून राहतं आणि लगेच उतरत नाही. शॉटगन एका फटक्यात खूप भरते. मशीनगन थोडं थोडं भरते पण पट्टी खाली येऊ देत नाही. आणि स्टॅगर झाल्यावर कुठलं शस्त्र किती जास्त मारतं, त्याचा डायरेक्ट हिटचा आकडा अजून वेगळा. पाइल बंकर, म्हणजे जवळून खुपसायचा खिळा, तिथंच राजा आहे. एकदा पूर्ण चार्ज करून गोठलेल्या टँकवर मारून बघा, त्याच्या जिवाची पट्टी कुठं होती आणि कुठं आली ते दिसेल.

यात अंतराचं गणित मिसळा. रायफलची गोळी तिच्या अंतराच्या बाहेरून मारली की चिलखतावरून घसरून उडते. नुकसानही कमी, इम्पॅक्टही कमी. म्हणून लांबून नुसतं टकटक करणारा जिंकत नाही, त्याला जवळ यावंच लागतं. हे मला फार आवडतं. भीती वाटत असताना पुढं जायला लावणारा गेम आहे हा.

बिल्ड एकसारखे होतात ही तक्रार खरी होती, पण ती सुरुवातीच्या महिन्यांतली. तेव्हा ज्याच्या त्याच्या दोन्ही हातांत झिमरमन शॉटगन. कुठल्याही सामन्यात जा, समोर झिमरमन. नंतरच्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) तिचा जोर कमी केला. त्याआधी १.०२ मध्ये रायफल, मशीनगनसारख्या गोळीच्या शस्त्रांना बळ दिलं आणि त्याच पॅचमध्ये बाल्टियस, सी स्पायडर आणि सीईएल २४० हे तीन बॉस सौम्य केले. म्हणजे वाळूज दादा आज जो बाल्टियस पाडतायत तो पहिल्या आठवड्यातला बाल्टियस नव्हे.

डिसेंबर २०२३ ला १.०५ आला आणि रँक्ड सामने सुरू झाले, एकास एक आणि तीनास तीन. तिथं मला काकांचं म्हणणं अर्धं पटतं. वरच्या रँकला बिल्ड सगळ्यांचेच चांगले असतात. मग जिंकतो तो, ज्याला समोरच्याचा क्विक बूस्ट (झटक्यात सरकून चुकवणं) कधी संपला हे कळतं. ऊर्जेची पट्टी पूर्ण रिकामी केली की ती परत भरायला लागेपर्यंत जास्त वेळ थांबावं लागतं, आणि त्या वेळात तुम्ही जमिनीवर उभे. मी नेहमी त्या क्षणाची वाट बघतो.

वाळूज_नाईटशिफ्ट

जालना, हा प्रतिसाद वाचून माझे दोन बिल्ड बदलणार आज.

काका, हेलिकॉप्टरचा मुद्दा बिनतोड आहे. पण मी त्याच्याकडं असं बघतो: तो रोबो आपण जोडलेला नसला तरी विचार करून जोडलेला आहे. रायफल, मिसाइल, पल्स ब्लेड. जमिनीवरून रायफल मारत बसलं तर हेलिकॉप्टर जिंकतं, आणि जवळ जाऊन स्टॅगर करून ब्लेड घातली की काही वारांत संपतं. म्हणजे तिथंसुद्धा गेम हेच शिकवतो की कुठलं शस्त्र कशासाठी आहे ते ओळखा. हात लागतो, पण कुठल्या शस्त्राकडं जायचं हे त्या हाताला माहीत असावं लागतं.

पैठणची_पायलट

सगळे फक्त आकड्यांवर बोलताय. मला या गेमचं सगळ्यात जास्त जे भिडलं ते दुसरंच आहे.

संपूर्ण गेममध्ये एकही माणसाचा चेहरा दिसत नाही. एकही नाही. फक्त आवाज, नाव आणि चिन्ह. आणि तरी वॉल्टर, रस्टी, एअर ही माणसं मला काही चित्रपटांतल्या पात्रांपेक्षा जास्त ओळखीची वाटतात. (एअर माणूस आहे का, यावर वेगळा धागा निघेल.) आपण स्वतः तर एकही शब्द बोलत नाही. आपलं नावसुद्धा नाही, नुसता नंबर, ६२१. रेव्हन हे नावही दुसऱ्याचं, दुसऱ्या एका पायलटच्या परवान्यावरून उचललेलं. अशा माणसाला पुढं जाऊन एका अख्ख्या ग्रहाचं काय करायचं ते ठरवायचं आहे.

(इथून पुढं कथा थोडी उघड होते, ज्यांचा गेम बाकी आहे त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जा.)

रुबिकॉन ३ वर कोरल नावाचा पदार्थ आहे. सुमारे अर्ध्या शतकापूर्वी तो पेटला आणि आजूबाजूचे तारेसुद्धा होरपळले. आता परत सापडला म्हटल्यावर बालम आणि आर्केबस या दोन कंपन्या तुटून पडल्यात, आणि तिथं राहणारी माणसं मधल्यामध्ये भरडली जातायत. धरणाचं मिशन आठवतं का? पहिल्या फेरीत आपण बालमच्या रेड गन्स पथकाबरोबर जाऊन तिथल्या लोकांचे जनरेटर उडवतो. काम झालं, पैसे मिळाले, पुढं. दुसऱ्या फेरीत, न्यू गेम प्लसला, त्याच मिशनच्या मधोमध रुबिकॉनचे लोक रेडिओवर येतात आणि विचारतात, बाजू बदलतोस का? जास्त पैसे देतो. आणि तुम्ही हो म्हटलंत तर शेजारी उभ्या व्होल्टा आणि इग्वाझू या साथीदारांवर बंदूक फिरवावी लागते. मी जायकवाडीच्या काठावर राहते. धरणातलं पाणी कुणाचं, कुणासाठी सोडायचं, यावर घरोघरी होणारं बोलणं लहानपणापासून ऐकलंय. त्या मिशनला माझा हात थांबला होता, खरंच.

शेवट तीन आहेत. दोन पहिल्या दोन फेऱ्यांत मिळतात, तिसऱ्यासाठी तिसरी फेरी लागते. नवीन मिशन मध्ये मध्ये येतात, जुन्यांना फाटे फुटतात. त्यामुळं 'एकदा संपवला' म्हणणाऱ्यांनी गेमचा अर्धाच भाग बघितलाय असं मी ठामपणे म्हणेन.

आणि वाळूज दादा, बिल्ड म्हणजे फक्त पार्ट का? रंग आणि चिन्हं राहिलीच की. डीकॅल एडिटरमध्ये मी पैठणीच्या पदरावरचा मोर केला. तिथं चित्र आयात करता येत नाही, नुसते आकार असतात: थेंब, वर्तुळ, कोर, पट्ट्या. ते एकावर एक ठेवून, फिरवून, छोटे-मोठे करून चित्र उभं करायचं. पिसाऱ्याचा एकेक डोळा म्हणजे मोरपंखी थेंब, त्यावर सोनेरी थेंब, त्यावर राणी रंगाचा ठिपका. खऱ्या पैठणीवर मोर विणलेला असल्यामुळं त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. ते साधायला मी गोल आकार काढून छोटे चौकोन वापरले आणि मग तो पैठणीचा मोर दिसायला लागला. डाव्या खांद्यावर लावलाय. वेदरिंगची (रंग जुनाट दाखवायची) पट्टी फार वर नेली तर झिजल्यासारखा होऊन सोनेरी रंग मरतो, म्हणून ती अगदी कमी ठेवलीय. शेअर आयडी हवा असेल त्यांनी सांगा, मी पीसीवर आहे आणि आयडी त्याच प्लॅटफॉर्मवर चालतो.

लातूरचा_टँकवाला

ताई, मला पाठवा. टँकवर मोर बघायचाय.

नांदेडचा_कॅफेवाला

मी नांदेडला छोटा गेमिंग कॅफे चालवतो. बहुतेक पोरं क्रिकेट, फुटबॉल नाहीतर बंदुकीचे गेम मागतात. हा गेम मी स्वतःच्या हौसेनं ठेवलाय. बघून जे लक्षात आलं ते सांगतो.

हेलिकॉप्टरपाशी बरीच पोरं सोडून जातात. तिथं मी एकच गोष्ट सांगतो: खाली उभं राहू नकोस, वर जा आणि त्याच्या तोंडाशी जा. तेवढं ऐकलं की पाडतात. पण त्यानंतर गॅरेज उघडतं आणि तिथं पोरांचे दोन गट पडतात. काहींना कंटाळा येतो, एवढे आकडे कोण वाचणार म्हणतात. आणि काही जण मिशनच सुरू करत नाहीत. तासाचे पैसे भरलेत, आणि पोरगं तास-तास पाय बदलून बघतंय, उलट्या गुडघ्याचे लावू की चार पायांचे. त्यांच्याकडं बघून मला फार बरं वाटतं. आयटीआयचे दोन विद्यार्थी येतात, ते तर वहीत वजनाची बेरीज करतात, कारण पुढच्या वेळी आल्यावर काय जोडायचं ते घरून ठरवून येतात.

म्हणून माझं मत वाळूजकरांच्या बाजूनं. ज्याला गॅरेज आवडलं तोच टिकतो.

लाइटबद्दल एक काळजीची सूचना. मिशनच्या मधे सेव्ह होत नाही. लाइट गेली, मशीन बंद पडलं, की चेकपॉइंटही गेला आणि मिशन पहिल्यापासून. बरं आहे की बहुतेक मिशन छोटी असतात. ज्यांच्याकडं लाइट येते-जाते त्यांनी यूपीएस घ्याच. इन्व्हर्टरवर भागेल असं समजू नका. काही इन्व्हर्टर बदली होताना जो क्षण घेतात तेवढ्यातच डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडचं बटण असलेला इन्व्हर्टर असेल तर चालतो.

धाराशिव_६२१

नमस्कार सगळ्यांना. धागा पूर्ण वाचला. मला घ्यायचाय, पण शंका आहेत. माझ्याकडं लॅपटॉप आहे, जीटीएक्स १६५०, ८ जीबी रॅम. चालेल का? आणि आमचं गाव तालुक्यापासून आत आहे, नेट मोबाइलवरचंच. ऑनलाइन नाही खेळलं तर गेम अर्धवट राहतो का? याआधी मोबाइलवर रोबोंचा एक गेम खेळायचो. तिथं चांगला पार्ट हवा असला की पैसे भरा, नाहीतर महिनाभर थांबा. शेवटी सोडला.

जालना_रँक्ड

ग्राफिक कार्ड कमीत कमी अटीत बसतं, तिथं १६५० चं ४ जीबीचंच लिहिलंय. रॅम मात्र १२ जीबी मागितलीय. ८ ची एक पट्टी अजून टाकून १६ करा, त्याशिवाय घेऊ नका. जागा ६० जीबी. एसएसडीवर टाका. ग्राफिक खाली ठेवा, पण फ्रेम अडखळू देऊ नका. या गेममध्ये सावल्या सुंदर दिसण्यापेक्षा क्विक बूस्ट वेळेवर लागणं महत्त्वाचं. जमलं तर कंट्रोलर घ्या. कीबोर्ड-माउसवर खेळणारे चांगले पायलट आहेत, पण चार शस्त्रं चार बोटांखाली एकाच वेळी असणं हे कंट्रोलरवर फार नैसर्गिक वाटतं.

इथं पैसे भरून कुठलाही पार्ट ताकदवान होत नाही. गेम एकदा घ्यायचा, पुढचं सगळं मिशनच्या कमाईवर, अरेनाच्या (गेममधल्या एकास एक लढतींच्या) सामन्यांवर आणि नकाशात शोधलेल्या पेट्यांवर. मोबाइलवरचा अनुभव विसरून जा.

नांदेडचा_कॅफेवाला

धाराशिवकर, ६० जीबी मोबाइलच्या नेटवर उतरवत बसू नका. ज्याच्याकडं गेम उतरवलेला आहे त्याच्याकडून स्टीमचं फोल्डर हार्ड डिस्कवर आणा, तुमच्या स्टीमच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मग इन्स्टॉल दाबा. स्टीम फायली तपासतं आणि जे कमी असेल तेवढंच उतरवतं. गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला हवा, हे अर्थातच. नांदेडला येणं होत असेल तर माझ्याकडून न्या.

परभणीकर_काका

ऑनलाइनबद्दल मी उत्तर देतो. अर्धवट अजिबात राहत नाही. ही मालिका मुळात एकट्यानं खेळायचीच आहे. तीन फेऱ्या, सगळी मिशन, सगळा अरेना, एवढं नेट नसताना होतं. अरेना अजिबात टाळू नका. तिथं जिंकलं की ओएसटी चिप (एसी सुधारायच्या चिप) मिळतात आणि त्यातून असॉल्ट आर्मर, टर्मिनल आर्मर, वेपन बे अशा जादा क्षमता उघडतात. शिवाय अरेनातला प्रत्येक प्रतिस्पर्धी म्हणजे कुणीतरी विचार करून जोडलेला बिल्ड असतो. त्यांचं वर्णन वाचा, त्यांनी काय लावलंय ते बघा. मी नवीन माणसाला हाच अभ्यास सांगेन.

आणि पैठणच्या ताईंचं लिखाण वाचून सांगावंसं वाटतं: या आधीचा भाग 'व्हर्डिक्ट डे' २०१३ ला आला आणि नंतर दहा वर्षं या मालिकेचा नवा भाग नाही. त्या काळात आम्हा जुन्या लोकांना वाटायचं की संपलं, आता 'डार्क सोल्स'च्या यशापुढं हे कोण बनवणार. सहाव्या भागावर माझे आक्षेप आहेत आणि ते राहतील. पण पहिल्यांदा गॅरेजचा तो दरवाजा उघडला आणि पिंजऱ्यात उभा एसी दिसला तेव्हा माझा ऊर भरून आला होता. तुम्ही तरुण पोरं-पोरी त्याच्यावर एवढं भांडताय, हे बघूनही तसंच होतंय.

वाळूज_नाईटशिफ्ट

काका 🙏

धाराशिवकर, सुरुवातीच्या खरेदीबद्दल: पहिले पैसे आले की पायांवर आणि जनरेटरवर घाला. शस्त्रांचा मोह आवरा. चांगला जनरेटर म्हणजे ऊर्जा जास्त, परत भरायला वेळ कमी, आणि त्यावर पुढची सगळी शस्त्रं बसतात. हाताच्या वजनाची मर्यादा ओलांडली तर गेम अडवत नाही, पण निशाणा हलायला लागतो. पायांची ओलांडली तर अडवतो. विकत घ्यायच्या आधी असेंब्लीत पार्टावर थांबून निळे-लाल आकडे बघा: काय वाढतंय, काय घटतंय, लगेच दिसतं.

आणि 'मेका ब्रेक' या रोबोंच्या गेमचं कुणीतरी विचारलं होतं निरोपात. तो २०२५ ला आला, फुकट आहे, दिसतो छान. पण तिथं सामन्यांत रोबो तयार मिळतात, त्यांची हत्यारं ठरलेली. मला जो आनंद हवा तो तिथं मिळत नाही. 'मेकवॉरिअर ५' वेगळा, तिथं टनांचा आणि उष्णतेचा हिशेब आहे, रोबो जड आणि संथ. काकांना आवडेल.

जालना_रँक्ड

बोलणं पुष्कळ झालं, आता खेळू. रविवारी रात्री साडेनऊला नेस्टमध्ये, म्हणजे गेमच्या ऑनलाइन सामन्यांच्या विभागात, कस्टम रूम उघडतो. पीसीवाल्यांसाठी. तीनास तीन. रूमचा आयडी आणि पासवर्ड निरोपानं पाठवेन, इथं लिहीत नाही. नेट अडखळत असेल तर आधी सांगा, तुम्हाला पहिल्या सामन्यात घेऊन तपासू. समोरचा जागेवरून गायब होऊन दुसरीकडं उगवायला लागला की सगळ्यांचाच सामना वाया जातो. वायरचं नेट असेल तर वायरच लावा.

लातूरचा_टँकवाला

मी हाय. माझा भाऊ पण येतंय, त्याचा पण टँकच.

पैठणची_पायलट

मी येते. हलका एसी, उलट्या गुडघ्याचे पाय, दोन हँडगन, खांद्यावर मिसाइल. मला वर राहू द्या, मी पट्टी भरत राहीन.

जालना_रँक्ड

ताई, तुम्ही लातूरच्या टँकबरोबर एका संघात. तुम्ही वरून पट्टी भरा, तो खालून साँगबर्ड्स झाडेल. दुसरा टँक विरुद्ध संघात जाईल, एका बाजूला दोन टँक नकोत. वाळूज दादा त्या दुसऱ्या टँकबरोबर. काका, तुम्ही बघायला तरी या, जागा ठेवतो.

परभणीकर_काका

बघायला नाही, खेळायला येतो. चार पायांचा एसी आणतोय, हवेत तरंगत लेझर रायफल. जागा वाळूजकरांच्या बाजूला ठेवा.